अमावस्येचा आकडा

दोन हजार सहा साली मी सत्तावन्न वर्षांचा होतो. जन्माचा कागद नाही. निजामावर पोलीस ॲक्शन झाल्यावर पुढच्या पावसाळ्यात तू झालास असं आई सांगायची, त्यावरून मी धरलंय. शाळा तिसरीपर्यंत. तिसरीत मास्तरानं विनाकारण मारलं, मी उठून आलो. त्यानं दोनदा बोलावणं धाडलं, गेलो नाही. आजही गेलो नसतो.

औरादच्या पुढं, आंध्राची हद्द हाकेवर येते तिथं आमचं गाव. गावाच्या वरच्या अंगाला दोन टेकड्यांच्या मधी मातीची पाळ घालून सरकारनं तलाव केला. त्यात आमची जमीन बुडाली, त्याबदली मला तलावावर राखणदाराची नोकरी मिळाली. पाळीच्या खाली, ओढ्याच्या दोन्ही काठांनी एक वस्ती होती. माझी धाकटी लेक त्या वस्तीत दिलेली. जावई हैदराबादला सेंट्रिंगच्या कामावर, वस्तीतले बाकीचे गडीही तिकडंच. घरोघरी म्हातारी माणसं, बायका आणि लेकरं राहिलेली. ती वस्ती आता तिथं नाही. बाभळी आहेत.

माझं काम सांगतो. मातीच्या पाळीतून थोडं पाणी झिरपतंच. ते पायथ्याशी दोन चरांत गोळा व्हायचं, एक डाव्या अंगाला, एक उजव्या. दोन्ही चरांत आडवी लोखंडी पाटी बसवलेली, पाटीला मधी तिकोनी खाच. खाचेतून पाणी किती उंचीनं वाहतं ते बाजूच्या पट्टीवरच्या रेघा मोजून वहीत लिहायचं. वर तलावात दगडी खांबावर फूट रंगवलेले, तो आकडाही लिहायचा. रोज सकाळी सात वाजता. अकरा वर्षं केलं. ताप असो, लग्न असो, मयत असो. बाप गेला त्या दिवशी सुद्धा आधी आकडा लिहिला आणि मग खांदा द्यायला गेलो. गावात मला कुणी हसत नव्हतं असं नाही, पण माझ्या वह्या बघून हसणं थांबायचं. अकरा वह्या, घोंगडीच्या तुकड्यात बांधलेल्या, कुठं डाग नाही, खाडाखोड नाही.

आता बापाचं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. बाप मेंढरामागं हिंडला. संध्याकाळी वाड्याच्या तोंडाशी काठी आडवी धरून उभा राहायचा आणि काठीखालून मेंढरं जोडी-जोडीनं मोजून आत घ्यायचा. पण अमावस्येला मोजत नव्हता. अमावस्येला मोजलं की मोजलेलं कमी होतं, असं आमच्या घरात आहे. एकदा चुलत्यानं हट्टानं मोजली. आठ दिवसांत अकरा मेंढरं पोट फुगून पडली. मी लहान होतो, पण त्यांचे डोळे अजून दिसतात. पुढं कुरणं गेली, मेंढरं गेली, आम्ही शेतकरी झालो, तरी हे राहिलं. अमावस्येला आमच्यात धान्य मापत नाहीत. बायको भाकरी थापते तीसुद्धा मोजून थापत नाही. त्या दिवशी एक तरी उरते, नाहीतर कमी पडते.

नोकरी लागल्यावर पहिली अमावस्या आली तेव्हा मी सात वाजता पाटीपाशी गेलो, वाकलो, आणि रेघांवर नजर ठरेना. पाणी म्हणजे वस्तीचं, गावाचं पाणी. ते मोजू का? शेवटी आदल्या दिवसाचा आकडा तसाच लिहिला आणि आलो. पुढच्या महिन्यातही तेच. मग ते माझ्या हाताच्या सवयीचं झालं. गैरहजर एक दिवस नाही. फक्त अमावस्येला पट्टीकडं बघायचं नाही.

त्या साली उन्हाळ्यात हापिसातून एक नवी इंजिनेर बाई आली. वय पंचवीस-सव्वीस, आळंदकडची, बसवण्णाला मानणारं शेतकरी घर. घरात कानडी, बाजारात मराठी. सायबीण म्हणून आली, पण पाळीवर चपला काढून चढली ते मला बरं वाटलं.

"अप्पा, ह्या वह्या मी बीदरला नेऊ का?" ती म्हणाली. "सगळे आकडे कम्प्युटरात घालायचेत."

"कामून? वहीत नीट बसलेत की."

"वहीत ते झोपलेत. तिथं उठून चालाय लागतील."

"चालून कुठं जायलेत?"

ती हसली. "तेच बघायचंय. पाळीच्या पोटात काय चाललंय ते पाळ फोडून बघता येत न्हाई. तुमच्या आकड्यावरनं बघता येतं."

दिल्या वह्या. घोंगडीचा तुकडाही दिला, त्यातच बांधून आण म्हणालो. जाता जाता तिनं मला काही रिकाम्या काचेच्या बाटल्या दिल्या. उजव्या चरातलं पाणी रोज एका बाटलीत भरून फळीवर ठेवा, तळाला काही बसतं का बघा, एवढं सांगून गेली.

उजवा चर तिनं का निवडला ते मी विचारलं नाही. कारण मला माहीत होतं. दोन वर्षांपासून चैत्रात सगळं रान करपलं की पाळीच्या उजव्या पायथ्याला घोंगडीएवढी एक जागा हिरवीगार राहायची. म्हैस ओढून तिथंच जायची. मी तिला जाऊ द्यायचो. कुणाला बोललो नव्हतो.

गौरी-गणपती झाले आणि मला बीदरला बोलावणं आलं. बसनं गेलो. कम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जायचं होतं, देवळासारखं. आत गारठा. दारातला शिपाई आमच्याच शिवाराचा निघाला. "मामा, शेणाचे पाय पुसा बरं," म्हणाला. पुसले.

बाईनं पडद्यावर पाळ काढली होती. कलिंगड चिरल्यावर दिसतं तशी, आडवी चिरलेली. मधी काळ्या मातीची भिंत, दोन्ही अंगाला मुरूम, आणि आतून पाणी कसं सरकतं ते निळ्या-हिरव्या रंगात. मी अकरा वर्षं जिच्या पायाशी वाकलो तिचं पोट मी पहिल्यांदा बघत होतो. बघू नये असं वाटलं आणि नजरही हटेना.

मग तिनं दोन रेघा दाखवल्या. एक तलावातल्या पाण्याची, एक झिरपणाऱ्या पाण्याची. तलाव चढला की झिरपा चढतो, उतरला की उतरतो. नऊ वर्षं दोन्ही रेघा एका जुवाच्या बैलांसारख्या चाललेल्या. मग खालची जू सोडून चालायला लागलेली. गेल्या दोन उन्हाळ्यांत तलाव उतरला, तरी उजव्या चराचा आकडा उतरलाच नाही, हळूहळू वर जातोय.

"मी मशीनला म्हणलं, पाळ चांगली आहे असं धर," बाई म्हणाली. "तर त्याचा आकडा तुमच्या आकड्याच्या खाली राहायला. मग उजव्या पायथ्याला, ह्या हितं, माती ढिली झाली, आतून वाहून जायली असं धरलं. तवा मशीनचा आकडा तुमच्या आकड्याला येऊन भिडला." तिनं बोट ठेवलं तिथं लाल ठिपका होता. म्हैस चरायची तीच जागा. बीदरच्या बंद खोलीत, जिनं तिथलं हिरवं गवत पाहिलं नव्हतं, त्या पेटीनं ती जागा लाल केली होती.

"मग आता?" मी विचारलं.

"तलाव निम्मा सोडाया पायजे. पण..."

तेवढ्यात मोठे साहेब आत आले. ते दखनी उर्दूतून बोलायचे. पडद्याकडं न बघता माझ्याकडं बघून म्हणाले, "क्या बाबा, घर में बैठ के लिखते क्या?"

मी म्हणालो, "रोज सात वाजता पाटीवर असतो, साहेब."

"तो फिर ये क्या है?" त्यांनी रेघेवर पेन्सिल टेकवली. बारीक बघितलं तर रेघेला ठरल्या अंतरानं पायऱ्या होत्या. महिन्यातून एकदा दोन दिवस आकडा सारखा. भर पावसातही. गेल्या साली पोळ्याला रात्रभर पाऊस झाला, तलाव फूटभर चढला होता, आणि वहीत मात्र कालचाच आकडा.

"पाणी सारखं होतं," मी म्हणालो.

"बारिश में?"

"सारखं होतं म्हणलं की साहेब."

साहेब बाईंकडं वळले. पाच वर्षांनी तलाव भरलाय, खाली लोकांनी ऊस लावलाय, आणि ह्या माणसाच्या आकड्यावर मी पाणी सोडू? एक आकडा बनावट, तर सगळी वही रद्द. एवढं बोलून गेले.

बाई मला व्हरांड्यात घेऊन आली. तिथं भिंतीवर तिथीचं कॅलेंडर होतं. तिनं आवाज खाली केला. "अप्पा, पायऱ्या मशीननं दाखवल्या. कॅलेंडर मी लावून बघितलं. सगळ्या अमावस्येच्या हायत. आमच्यातबी अमावस्येला बैल जुंपत न्हाईत. तुमच्यात काय हाय?"

शिपाई दारात उभा होता, कान इकडं. ह्याच्यापुढं मी बापाचं नाव काढू? उद्या सगळ्या शिवारात होईल, म्हातारा सरकारी पगारावर अमावस्या पाळतो. आणि ते जाऊ द्या. अकरा वर्षांच्या वह्या, एक खाडाखोड नाही, त्यात मीच खोटं लिहिलंय हे मी तोंडानं म्हणू?

"अमावस्या-पुनव मला ठाऊक न्हाई," मी म्हणालो. "मशीन चुकलं असंल."

तिनं वह्या घोंगडीत बांधून माझ्या हातात दिल्या. गाठ मी बांधतो तशीच बांधली होती.

त्यानंतर पितरांचा पंधरवडा लागला आणि पावसानं धरलं ते सोडेना. तलाव खांबाच्या वरच्या फुटाला टेकला. लोक पाळीवर येऊन नारळ फोडून जायला लागले. मी मात्र खालीच बघत होतो. उजव्या चराचा आकडा तिसावरून पस्तीस, अडतीस, बेचाळीस. गवताच्या जागेत काठी रोवली तर वीतभर आत गेली, काढली तर भोकातून पाणी वर आलं. त्या पाण्यात बारीक वाळू नाचत होती, भात रटरटतो तशी. बेडकं तिथं बसत नव्हती.

फळीवरच्या बाटल्या आधी नितळ असायच्या. आता सकाळी भरलेली दुपारी बघितली की तळाला बोटाच्या पेराएवढा काळा गाळ. मुरूम लाल असतो. काळी माती पाळीच्या मधल्या भिंतीची. पडद्यावर बघितली होती मी ती.

बायको बाटल्या पुसता पुसता म्हणाली, "हे काय जमवायलाव? दुकान टाकायचंय का?"

मी तिला सगळं सांगितलं. बीदरचं पण. ती बाटली खाली ठेवून बसली.

"अमावस्येचं मशीनला कळायला अकरा वर्सं लागली व्हय," ती म्हणाली. "मला तर पयल्याच महिन्यात कळलं. त्या दिवशी तुमी वही दडवून ठेवायलाव."

"मग बोलली न्हाईस ती?"

"बोलून तुमी ऐकलं असतं? मास्तराचं ऐकलं न्हाई तुमी." मग खाली वस्तीकडं बघून म्हणाली, "पोरगी तिथं हाय. तिची दोन लेकरं हायत. तुमचा मान तेवढा कोरडा ऱ्हाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी पाटीवर अठ्ठेचाळीस रेघा होत्या. आकडा लिहिला, बाटली भरली, वह्या बगलेत मारल्या आणि औरादला जाऊन बीदरची बस धरली. सर्वपित्री अमावस्या उद्यावर आली होती.

साहेबांच्या खोलीत बाई होती, दोन माणसं आणखी होती, आणि दारात तोच शिपाई. मी आत जाऊन बाटली टेबलावर ठेवली. खाली बसायला सांगितलं, बसलो नाही.

"साहेब, अमावस्येचे आकडे खोटे हायत. मी लिहिलेत. बाकीचे खरे हायत."

"क्यूं?" साहेब म्हणाले.

मग सांगितलं. बाप, काठी, चुलता, अकरा मेंढरं. मराठीतच सांगितलं. बाई मधी मधी दखनीत करून देत होती. शिपाई हसला. कुणी त्याला गप्प केलं नाही, आणि मलाही त्याचं काही वाटेना. एकदा अंगावरचं काढून ठेवल्यावर थंडी वाजते, तेवढंच.

साहेबांनी बाटली उचलून उजेडात धरली, गाळ हलवून बघितला. मग बाईला म्हणाले, "निकाल दो अमावस्या के सब."

आम्ही सगळे त्या गार खोलीत गेलो. बाईनं कॅलेंडरवरून एकेक अमावस्या काढली. ती तारीख म्हणायची, मी वही उघडून "व्हय" म्हणायचो, ती आकडा पुसायची. पडद्यावरून तो निघून जायचा. एकशे तीस-पस्तीस तरी असतील. प्रत्येक वेळी बापाचं काहीतरी पुसतोय असं वाटत होतं. शेवटी आजचा अठ्ठेचाळीस घातला आणि तिनं बटण दाबलं.

पायऱ्या गेल्या. रेघ सरळ झाली, धुतल्यासारखी. आणि आधीपेक्षा जास्त उभी वर निघाली. लाल ठिपका पायथ्याकडून आत, काळ्या भिंतीपर्यंत पसरला होता.

"खाली किती माणसं आहेत?" साहेबांनी आता नीट मराठीत विचारलं.

"एकशे सत्तावीस."

"मोजली कधी?"

"गेल्या पुनवेला. रोगराईच्या गोळ्या वाटल्या तवा."

साहेबांनी तलावाच्या दाराच्या चाकाची किल्ली कपाटातून काढली. पाणी सोडायच्या कागदावर वरच्यांची सही लागेल, ती मी आज घेतो, म्हणाले, पण जीप पोचायला उद्या दुपार होईल, रस्त्यावरचा नाला भरलाय. म्हणून सकाळचा आकडा तू घे. पन्नासच्या वर गेला तर कुणाला विचारू नको. चाक फिरव आणि वस्ती शाळेच्या उंचवट्यावर ने. ऊसवाल्यांचं मी बघतो.

बाई माझ्याकडं बघत होती. "उद्या अमावस्या हाय, साहेब," ती हळूच म्हणाली.

"त्यांना माहीत आहे," साहेब म्हणाले.

किल्ली धोतराच्या कनवटीला बांधून मी शेवटच्या बसनं आलो. घरी बायकोनं विचारलं, आकडा काय म्हणतो? मी म्हणालो, उद्या कळंल. तिनं पितरांच्या ताटासाठी तांदूळ भिजत घातले आणि पाऊस परत सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी उजव्या पाटीपाशी वाकलो. पाटीवरचं शेवाळ पुसलं. पाणी चहासारखं झालं होतं. पट्टीकडं बघितलं, एकेक रेघ बोटानं दाबून मोजली. अठ्ठावन्न. वहीत अमावस्येच्या पुढं अठ्ठावन्न लिहिलं. पाळीवर चढून चाक फिरवलं. गंजलेलं होतं, दोनदा खांदा लावावा लागला. पलीकडं सांडव्याच्या चरात पाणी पडल्याचा आवाज आला तसा वस्तीत उतरलो. माणसं बाहेर काढली. ज्यांनी वाद घातला त्यांना बाटली दाखवली. वस्तीच्या वाटेवर दोन बाभळींमधी जागा आहे, तिथं मी काठी आडवी धरून उभा राहिलो आणि एकेक जोडी काठीखालून वर सोडली. त्रेसष्ट जोड्या भरल्या. एक कमी. सगळ्यांना थांबवलं, पुन्हा मोजत गेलो. लेकीच्या पदराखाली तिचं धाकटं झोपलं होतं, ते मोजायचं राहिलं होतं. त्रेसष्ट जोड्या आणि वर एक. तो आकडाही वहीत लिहिला.